उजव्या वळणावरचा आवाज

बेसमेंटातून गाडी बाहेर काढताना स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं की किर्रर्र असा बारीक आवाज यायचा. गंजलेली बिजागरी कोणीतरी मुद्दाम हळूहळू उघडावी तसा. आधी मी रेडिओ मोठा केला, मग बंद केला, आणि मग तर गाडीत नसतानाही मला तो ऐकू यायला लागला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून मी मनातल्या मनात गाडी वळवत असायचे. डोक्याला नुसता ताप.

जीव टांगणीला लागायचं कारण वेगळं होतं. रोज दुपारी त्या गाडीतून माझे बाबा माझ्या मुलीला पोहायच्या क्लासला न्यायचे. आई गेल्यावर मी त्यांना पुण्याहून इथे बेंगळुरूत, व्हाइटफील्डला आणलं, तेव्हापासून त्यांचं स्वतःचं म्हणावं असं इथे हे एकच काम. सकाळपासून त्याची तयारी चालायची. टॉवेल, चष्मा, पाण्याची बाटली, वर दोन केळी. ते काम काढून घेतलं तर हा माणूस दिवसभर बाल्कनीत बसून राहील हे मला दिसत होतं. आणि भर ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंगने दगा दिला तर काय होईल, तेही दिसत होतं.

"बाबा, वळवताना आवाज येतो ना हो?"

"कुठला आवाज? काही नाही. मस्त चालते गाडी."

आता हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी मानलं असतं. बाबांनी पस्तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर काढली. मशीन कुरकुरलं की अख्ख्या वर्कशॉपमधून त्यांनाच बोलावणं यायचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. घरी मिक्सरपासून शेजाऱ्यांच्या स्कूटरपर्यंत सगळ्यांचं निदान असंच व्हायचं. अशा माणसाला हा आवाज येत नाही म्हणजे ते लपवताहेत, असा मी हिशेब केला. कुठेतरी खड्ड्यात आपटली असणार गाडी.

माझ्या नाकावर राग कायमचाच. एकदा जेवताना मी बोलून गेले, "आपटलीत ना गाडी? सांगा की सरळ. हट्ट कशाला?" ते भात तसाच टाकून उठले. पुढे दोन दिवस आमचं बोलणं माझ्या मुलीमार्फत चाललं होतं.

सर्व्हिस सेंटरला मी दोनदा जाऊन आले. त्यांनी काहीतरी ग्रीस मारलं आणि हिंदीतून सांगितलं, मॅडम, नॉर्मल आहे. तिसऱ्यांदा तिकडे जायचा माझ्यात पेशन्स नव्हता. मग सोसायटीतल्या कुणीतरी मागच्या रस्त्यावरचं एक छोटं गॅरेज सुचवलं. शनिवारी सकाळी बाबांना घेऊन गेले. मनात होतं, आज यांच्या तोंडावरच सिद्ध होऊ दे.

मेकॅनिक पन्नाशीचा, मराठीच निघाला. कित्येक पिढ्या बेंगळुरूतच गेलेलं घर, त्यामुळे त्याची मराठी कानडीत भिजलेली. "अक्का, तुम्ही आत बसा, स्वल्प फिरवा बघू," म्हणाला. त्याने बॉनेट उघडलं. बाबांनी न विचारता त्याच्या ट्रेमधला लांब स्क्रूड्रायव्हर उचलला. चाकाच्या वर, शॉकअपचं डोकं जिथे बॉडीला बसतं तिथे टोक टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि मला खूण केली.

मी स्टिअरिंग फिरवलं. किर्रर्र. मेकॅनिकने लगेच तिकडे मान वळवली. बाबांचा चेहरा जसाच्या तसा.

"फिरव ना," ते म्हणाले.

मी पुन्हा फिरवलं. आवाज पुन्हा आला, चांगला लांबलचक. बाबा वाट बघत वाकून उभेच होते. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

पंधरा दिवस मी या माणसाला खोटं ठरवत होते, आणि ते तर खरंच बोलत होते. त्यांच्यासाठी तो आवाज नव्हताच. लेथने पस्तीस वर्षांत तेवढा बारीक आवाज त्यांच्या कानातून काढून नेला होता आणि घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मला माझीच इतकी लाज वाटली की मी काचेतून बाहेर बघायचं टाळलं.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर ट्रेमध्ये ठेवला, बाह्या वर केल्या आणि टायरच्या वरून हात आत घातला. स्प्रिंगवर बोटं टेकवली.

"हळू फिरव. अजून. अजून थोडं. थांब." मग मेकॅनिकला म्हणाले, "स्प्रिंग आधी पिळतेय, मग झटका देऊन सुटतेय. वरचं बेअरिंग जाम आहे."

मेकॅनिकने आपला हात घालून पाहिला. "सरी, अण्णा, बरोबर. तेच आहे."

बेअरिंग बदलून चाकं सरळ करून घेईपर्यंत दुपार झाली. परत येताना गाडी मी चालवत होते, बाबा शेजारी. चौकात उजवीकडे पूर्ण वळण घेतलं. काहीही वाजलं नाही. कानांबद्दल मी एक अक्षर काढणार नव्हते, निदान आज तरी नाही. डॉक्टर, ऐकायचं मशीन, सगळं नंतर बघू म्हटलं.

"गेला का गं?" बाबांनी विचारलं.

"गेला."

त्यांनी मान वळवून मागचा रस्ता पाहिला.

"मागून येणाऱ्यांचे हॉर्नही हल्ली मला नीट कळत नाहीत," ते म्हणाले. "सोमवारपासून पोरीला तूच सोडत जा."