रुख्मिणीमावशीचा आवाज

आमच्या बोरी गावात बारसं असलं की पाळणा म्हणायला रुख्मिणीमावशीच लागायची. आवाज असा खणखणीत, की तिनं ओट्यावरून हाक मारली तर बस स्टँडवरचा माणूस मागं वळून बघायचा. दुसऱ्या बाईनं पाळणा सुरू केला तर मावशी तिला मधेच तोडायची आणि पहिल्यापासून स्वतः म्हणायची. मला तिचा तो आगाऊपणा आवडायचा. आता तीच मावशी दुकानात गेली की बोटानं वस्तू दाखवते, तोंड उघडत नाही.

जिंतूरला एका संस्थेत मी कॉम्प्युटरचं काम बघायचो. ऊसतोडीला जाणाऱ्या बाळंतिणींना दर सोमवारी फोनवरून सल्ला द्यायचा, असं ते काम. बाळाचं नाव आणि वय बघून यंत्र आपोआप फोन लावायचं. बोल मात्र मावशीचे. खिडक्यांना गोधड्या लावून ते मीच रेकॉर्ड केले होते, एकेका बाळाच्या नावासकट, दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे. त्यापुढचं एक वाक्यही नाही. सगळा प्रोजेक्ट क्लाऊडवर होता, म्हणजे कुठल्यातरी परक्या मुलखात ठेवलेल्या भाड्याच्या यंत्रांवर. पुढं संस्था बंद पडली, मॅडम लोक निघून गेले, ऑफिसात खताचं दुकान आलं. फोन मात्र चालूच राहिले.

गावातल्या दैवशालाची लेक भक्ती चार महिन्यांची असताना उसाच्या फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तापानं गेली. तरी सोमवारी फोन यायचाच, मावशीच्या आवाजात सांगायचा: भक्ती आता बसायला लागली असेल, तिला उशीचा टेकू द्या. दैवशालाचा नवरा परमेश्वर माझ्याकडं आला.

"व्यंकटी, तेवढं बंद कर बाबा. फोन आला की ती उशी हुडकायलीय."

माझ्या जुन्या खात्यातून मी प्रोजेक्ट उघडला आणि डिलीटचं बटण दाबलं. उत्तर आलं, या प्रोजेक्टला कुलूप लावलेलं आहे, यातलं काहीच पुसता येणार नाही, कुलूप मालकच काढू शकेल. मालक म्हणजे बंद पडलेल्या संस्थेचं खातं, आणि त्याचा पासवर्ड कुणाकडं ते देवाला ठाऊक. क्लाऊडच्या कंपनीला लिहिलं, तर दर वेळी एकच उत्तर: मालकाला सांगा. मी स्क्रीनला शिव्या घातल्या. बिल कुणा परदेशी देणगीदाराच्या खात्यातून भरलं जात होतं, त्यामुळं तेही थकेना. परमेश्वरनं नंबर ब्लॉक केला की फोन दुसऱ्या नंबरवरून यायचा. सिम बदलायला दैवशाला तयार नव्हती.

दोन वर्षं झाली की बोल संपतील, अशी मी सगळ्यांची समजूत घातली. बाकीच्या बाळांचे फोन तसे थांबलेही. भक्तीचे थांबले नाहीत. एका सोमवारी मावशी दैवशालाच्या घरून धापा टाकत, मी गावात टाकलेल्या मोबाइलच्या दुकानात आली.

"भक्तीला अंगणवाडीत घाला म्हणायलाय त्यो फोन. व्यंकटी, हे मी बोललेच न्हाई. माझ्या तोंडातनं कधी निघालंच न्हाई हे."

मी तिला सांगितलं, की आवाजाचा नमुना मिळाला तर हल्लीची यंत्रं नवी वाक्यंही बोलतात. संस्थेनं जाता जाता तसलं काही जोडलं असेल. पण प्रोजेक्टमध्ये मला तसं काहीच सापडलं नव्हतं. होत्या त्या फक्त माझ्या जुन्या फायली. खरं सांगतो, त्या दिवसापासून तो प्रोजेक्ट उघडायची मला भीती वाटते.

पुढच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू बारशाची बोलावणी बंद झाली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण जिचा आवाज गेलेल्या लेकराला वाढवतोय, तिला पाळण्याजवळ कोण उभं करील?

"मला मूल झालं न्हाई," मावशी माझ्यापुढं रडली. "पर गावातल्या लेकरायला नाव माझ्या आवाजात मिळायचं. तेवढंच माझं होतं रं. मला माझा आवाज माघारी पायजे." मग डोळे पुसून म्हणाली, "यंत्र ऐकत न्हाई ना? मग ऐकणारीलाच सांगते."

पुढच्या सोमवारी दुपारी आम्ही दोघं दैवशालाकडं गेलो. ती सुपात तूर निवडत होती. दाराजवळ लहान चपलांचा नवा जोड होता. फोन वाजला, तिनं तो स्पीकरवर टाकला, आणि मावशीचा आवाज घरभर पसरला.

"दैवशाला, भक्ती शाळेतून आली का गं? तिला भूक लागलीय."

मावशीनं दैवशालाचा हात घट्ट धरला. "ती मी न्हाई गं. मी हितं हाय, तुझ्यापुढं. ऐक माझं. भक्ती गेली बाई. लय दिवस झाले तिला जाऊन."

फोन गप्प झाला. बंद झाला नव्हता. पलीकडून कुणीतरी ऐकतंय असं मला वाटलं. मग तो आवाज पुढं बोलू लागला.

दैवशालानं मावशीकडं निरखून पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. आपला हात तिनं हळूच सोडवून घेतला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"जरा हळू बोला, बाई," ती म्हणाली. "रुख्मिणीमावशी बोलायल्यात."