माझां नाव घेव नको

जामसंड्यात मी शाळेवर रुजू झाले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून माझे ब्लाउज सुगंधा कोयंडे शिवते. रस्त्याला लागून तिचं घर, पुढच्या पडवीत मशीन, बाजूला खिळ्यावर टांगलेली मापाची वही. नवरा सहदेव देवगड बंदरातल्या ट्रॉलरवर कामाला. एकदा गेला की आठ-आठ दिवस पाण्यात. मुलगी रिया शिकायला रत्नागिरीला. घरात सुगंधा एकटीच असायची, पण तिची थोरली जाऊ चंद्रावती बाजारातली मासळी विकून परतताना रोज तिच्या पडवीत टेकायची. उरलेसुरले चार बांगडे किंवा मूठभर सुंगटं, म्हणजे कोळंबी, द्यायची, पाय पसरून बसायची, गावभरचं सांगायची आणि उठायची. एकवीस वर्षं हे असं चालू होतं.

पुढे जे झालं ते मला सुगंधानेच सांगितलं, एका दमात नाही, तर फिटिंग बघायला गेले की थोडं थोडं. त्यात माझाही हात आहे. तोही सांगते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास शेजारच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत शर्मिला राहायला आली. माहेर देवगड तालुक्यातलंच, पण पंधरा वर्षं विरारला काढलेली. नवऱ्याला सोडून आली होती. देवगडात एका डॉक्टरांकडे पेशंटांचे नंबर लावायचं काम तिला मिळालं. दुपारी दोनला ती मोकळी व्हायची. पहिल्या आठवड्यात ती ब्लाउज टाकायला आली, दुसऱ्या आठवड्यात काज-बटणं करून द्यायला बसली. सुगंधाचा हात दुखायचा तर ही तेल चोळून द्यायची. असं कोणी आजवर केलं नव्हतं.

शर्मिलाला एक नाद होता. तिच्याकडे मोठा टीव्ही होता आणि ती त्यावर सिनेमे बघायची, एकाच जातीचे. ती त्यांना 'सायको थ्रिलर' म्हणायची. कुठल्या कुठल्या देशांतले, हिंदीत आवाज घातलेले. दोन मैत्रिणी असायच्या. एक जरा भोळी, एक तिच्या घरात शिरलेली. शिरलेली हळूहळू भोळीचे कपडे घालायची, तिच्या माणसांना तोडायची, शेवटी तिला वेडं ठरवायची. सुगंधाला मालिकांची सवय. तिथे दुष्ट बाई तिच्या टिकलीवरूनच कळते. इथे दुष्ट बाई चहा करून द्यायची, डोकं चेपायची. सुगंधाला ते बघवायचं नाही आणि सोडवायचंही नाही. दर बुधवारी दुपारी मशीनवर कापड झाकून ती शर्मिलाकडे जायची. शर्मिला मध्येच सिनेमा थांबवून विचारायची, "सांग बघया, आता ही काय करतली?" सुगंधाचं उत्तर बहुतेक चुकायचं. शर्मिलाचं कधीच नाही.

जानेवारीत शर्मिलाने पहिली गोष्ट सांगितली. काज करता करता, मान वर न करता.

"तुझी वैनी बाजारात म्हणा होती, सुगंधाक आता मोठेपण इला हा. बाजारातली उरलेली मासळी तिका चलणा नाय."

सुगंधाच्या हातातली सुई थांबली. "वैनी असां म्हणाली?"

"मी आपल्या कानान आयकलंय. पण तू तिका इचारू नको. माझां नाव घेव नको, बाय. मी आज हंय आसंय, उद्या नाय. घरात भांडणां नकोत."

सुगंधाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी चंद्रावती आली तेव्हा ती नेहमीसारखी हसलीही नाही. चंद्रावती दहा मिनिटांत उठली. मग एक दिवसाआड येऊ लागली. मग आठवड्याने. शर्मिला प्रत्येक वेळी काहीतरी ताजं आणायची आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायची, माझां नाव घेव नको. होळीपर्यंत चंद्रावती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायला लागली होती.

त्याच दिवसांत सुगंधाच्या हातून चुका व्हायला लागल्या. कात्री सापडायची नाही, मग तांदळाच्या डब्यात मिळायची. एका नवरीच्या शालूवरच्या ब्लाउजची बाही तिने तीन इंच आखूड कापली. वहीत बघितलं तर माप तेच लिहिलेलं, तिच्याच अक्षरासारखं. नवरीची आई पडवीत उभी राहून जे बोलली ते आळीभर ऐकू गेलं. शर्मिला सुगंधाला जवळ घेऊन म्हणाली, "काल मी तुका दोनदा सांगलंय, माप परत घे. तुका आठवणा नाय?" सुगंधाला आठवत नव्हतं. आठवत नाही म्हणजे आपणच विसरलो, असं ती धरून चालली.

बसली की उठावंसं वाटायचं, उठली की कशाला उठलो ते कळायचं नाही. शिवलेली शिवण उसवून ती पुन्हा शिवायची. गॅस बंद केला का हे बघायला दुकानाच्या वाटेवरून मागे फिरायची. एकदा तर अर्ध्या वाटेवरून तीनदा फिरली आणि शेवटी साखर न आणताच घरी बसली. शर्मिलाने कसल्या तरी गोळ्या आणून दिल्या, मन शांत राहतं म्हणून. त्या घेतल्या की दुपार सगळी ओल्या गोणपाटासारखी जड व्हायची.

आता माझा भाग. मार्च महिन्यात मी ताप घेऊन त्या दवाखान्यात गेले होते. नंबर लावताना शर्मिला हळूच म्हणाली, "बाई, एक सांगू का? सुगंधाकडे भारी कापड टाकू नका हल्ली. तिची तब्येत ठीक नाही. डोक्याची. पण तिला बोलू नका, बिचारीला वाईट वाटेल." ती इतक्या कळवळ्याने बोलली की मला तिचं कौतुकच वाटलं. माझ्या भाचीच्या लग्नासाठी घेतलेलं रेशमी कापड मी देवगडला दुसरीकडे शिवायला टाकलं. सुगंधाला काही विचारलं नाही. माझ्यासारख्या आणखी किती जणी असतील कोण जाणे. एप्रिलमध्ये तिच्या मशीनवर दिवसचे दिवस कापड झाकलेलं दिसायचं.

एप्रिलमधल्याच एका बुधवारची गोष्ट. पडद्यावर भोळी मैत्रीण अंथरुणाला खिळली होती आणि दुसरी तिला चमच्याने सूप भरवत होती. शर्मिला शेंगा सोलत बघत होती. एकदम हसली.

"माका ह्या बायांचां नवल वाटता. कोण कोणाक इचारणतच नाय. ही उठान एक येळ समोर जावन इचारीत तर पिक्चर धा मिनटांत संपात."

सुगंधाही हसली. मग तिचं हसू आपोआप बंद झालं. मला सांगताना ती म्हणाली, "बाई, माका काय कळलां नाय तेवा. खरां सांगतंय. फक्त थंय बसवना झालां." पोटात कळ आली असं सांगून ती उठली, घरी न जाता तशीच बाजाराच्या वाटेला लागली. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, एक तिची, एक शर्मिलाची. ते तिला बाजारात पोचल्यावर दिसलं.

चंद्रावती टोपली आवरत होती. उरलेल्या बांगड्यांवर बर्फाचा चुरा टाकत होती. सुगंधा समोर उभी राहिली तरी तिने वर बघितलं नाही.

"वैनी, एक इचारूचा आसा."

"इचार."

"माका मोठेपण इला, उरलेली मासळी चलणा नाय, असां तू म्हणालंस?"

चंद्रावतीने हात टोपलीतच ठेवला. मग म्हणाली, "असां कोण म्हणता?"

सुगंधाच्या तोंडात ते नाव येईना. तीन महिने न घ्यायची सवय झालेली. शेवटी आलं. "शर्मिला."

"माका शर्मिलान काय सांगल्यान म्हायती आसा?" चंद्रावतीचा आवाज खाली गेला. "तू म्हणतंस, वैनीच्या अंगाक मासळीचो वास येता, गिऱ्हायकां पळतत. म्हणान मी पडवीत येवक नको. आणि वर सांगल्यान, सुगंधाक इचारू नको, तिचां डोक्या ठिकाणार नाय, ती अंगावर येतली."

"मी असां कसां म्हणान, वैनी?"

"मगे मी कशी म्हणान?"

दोघी टोपलीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. गळ्यात पडून रडणं वगैरे काही झालं नाही. चंद्रावतीने टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "चल, मी येतंय तुझ्यावांगडा." सुगंधा म्हणाली, "नको. माका एकटीक जावंदे."

शर्मिला आपल्या दारातच होती. पोट कसं आहे, विचारलं. चहा टाकला होता. सुगंधाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शर्मिलाचा चेहरा जराही हलला नाही.

"बघ. मी तुका म्हणत नाय होतंय? ती आपल्या दोघींत लावतली म्हणान? आज तिना तुझ्या मनात घातल्यान. आता तूच सांग, तुझ्यासाठी इतक्या कोणी केलां? तिना की मी?"

सुगंधाने मला हे तीनदा सांगितलं असेल, आणि तिन्ही वेळा तिच्या अंगावर काटा आला. कारण त्या क्षणी तिला शर्मिलाचं पटलं होतं. वाटलं, खरंच की. हात चोळून देणारी हीच. गोळ्या आणणारी हीच. माझं डोकं तर ठिकाणावर नाहीच. चहाचा कप तिने हातातही घेतला. मग तो तसाच भरलेला ओट्यावर ठेवला.

"उद्यापासून माझ्याकडे येव नको," ती म्हणाली.

शर्मिलाने मागून विचारलं, "मगे माझ्याकडे कोण येतला?" रागाने नाही, साधंच. सुगंधाने मागे बघितलं नाही. ते बरं केलं की वाईट, हे तिला अजून ठरवता येत नाही.

सहदेव बंदरात आला त्या दिवशी घरात मोठं भांडण झालं. शर्मिला त्यालाही फोन करत होती, चार महिने. तुमच्या बायकोचं विसरणं वाढलंय, तिला कळू देऊ नका. तो माझ्यासमोर मान खाली घालून म्हणाला, "माका वाटला, कोण तरी लक्ष ठेवता ह्या बरा." सुगंधा पंधरा दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. गोळ्या तिने टाकून दिल्या. मे संपायच्या आत शर्मिला खोल्या सोडून गेली, गोव्याच्या हद्दीजवळच्या बांद्याला कुठल्या तरी दवाखान्यात काम मिळालं म्हणून. जाताना आळीतल्या दोघी-तिघी तिला निरोप द्यायला गेल्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

मी नवं कापड घेऊन जूनमध्ये गेले आणि दवाखान्यातलं सगळं कबूल केलं. सुगंधाने टेप गळ्यातून काढला, माझ्या खांद्याला लावला, माप वहीत लिहिलं. मग म्हणाली, "तुमी पण, बाई." एवढंच. त्या ब्लाउजला तिने चार आठवडे लावले. मी एकदाही घाई केली नाही.

चंद्रावती पुन्हा येऊ लागली, पण पूर्वीसारखी पाय पसरून बसत नाही. कोणी काही सांगितलं की दोघी एकमेकींकडे बघतात. आणि सुगंधाला एक गोष्ट कधीच कळायची नाही. कात्री तांदळात कोणी ठेवली? ते माप कोणी लिहिलं? सगळंच शर्मिलाने केलं, असं म्हणता येत नाही. काही चुका तिच्या स्वतःच्याही असतील. कुठल्या, हे ती अजून मनात चाळत बसते आणि चाळता चाळता उठून गॅस बघून येते.

मागच्या श्रावणात तिला अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई आनंदी, बांद्याला स्टेशनरीचं दुकान. शर्मिला तिची मैत्रीण. "ती तुमची फार याद काढता," आनंदी म्हणाली. "जामसंड्याची माझी मैत्रीण आजारी पडली, तिच्या माणसांनी माका तोडला, म्हणान रडता. मी तिका न सांगता नंबर घेतलंय. म्हटला, तुमची तब्येत इचारूया."

सुगंधाने दोन रात्री विचार केला नि तिसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरली. कणकवलीला बदलून बांद्याला पोचली. आनंदी पन्नाशीची, गोल चेहऱ्याची बाई. तिने सुगंधाला खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं. सुगंधाने सगळं सांगितलं, जमेल तेवढं सरळ. सांगताना तिचे हात सारखे पदराशी चाळा करत होते आणि आनंदी त्या हातांकडे बघत होती. ऐकून झाल्यावर आनंदीने आजाऱ्याशी बोलतात तशा आवाजात विचारलं, "गोळ्यो चालू आसत मा तुमच्यो?"

सुगंधाने सरबताचा पेला खाली ठेवला. तिने विचारलं, "दुकानात तुमच्या सोबतीक कोण बसता?"

"शर्मिला येता दोनच्या पुढे."

"आधी कोण बसायचा?"

आनंदीने काउंटरवरचे पेन सारखे केले. "माझी भावजय," ती म्हणाली. "आता येणा नाय." का येत नाही ते तिने सांगितलं नाही. तेवढ्यात वह्या घ्यायला गिऱ्हाईक आलं. दोन वाजायला आले होते. सुगंधा उठली.

कणकवलीला उतरल्यावर पाऊस लागला आणि तिच्या ध्यानात आलं की छत्री दुकानातच राहिली. स्टँडवर ती भिजत उभी राहिली. आता ती बाई शर्मिलाला सांगेल, बघ, छत्रीसुद्धा विसरून गेली. देवगडची गाडी येईपर्यंत तिच्या डोक्यात हेच चाललं होतं.

गाडीत बसल्यावर फोन वाजला. आनंदी होती. "तुमची सत्री हंय ऱ्हवली," ती म्हणाली. मग गप्प झाली. मागे दुकानाचा पंखा ऐकू येत होता. फोन दोघींनीही ठेवला नाही. गाडी नांदगावच्या पुढे गेल्यावर आनंदीचा आवाज पुन्हा आला, अगदी हळू.

"माझ्या भावजयीबद्दल शर्मिलान तुमका काय सांगल्यान हा?"

"माका काय नाय," सुगंधा म्हणाली. "तुमका काय सांगल्यान, ता माका सांगा."