तीन ते चारचा तास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही. देवाला सांगितलं का? — तेही धड आठवत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मला प्रार्थना छान करता येते. हसू नका, खरंच येते. एकलहऱ्याच्या आमच्या चर्चच्या छोट्या मंडळीत नवं घर असो की नवी गाडी, प्रार्थनेला माझंच नाव पुढे. प्रार्थना देवापुढे धुपासारखी दरवळली पाहिजे, असं मी महिला मंडळात शिकवते. शब्द निवडून घ्यायचे, अडखळायचं नाही.

आणि आमच्या सगुणामावशी — सटाण्याकडच्या, इथे मुलीकडे राहायला आलेल्या — नेमक्या अडखळायच्या. "देवबाप" म्हणायच्या आणि मग गप्प. किती वेळ! लोक एक डोळा उघडून बघायचे. मीही.

तीन वर्षांपूर्वी पाळकसाहेबांच्या धाकट्या मुलीला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरतच चालल्या. आम्ही साखळी प्रार्थना धरली. प्रत्येकाने आपापल्या घरी एकेक तास गुडघ्यावर बसायचं, साखळी कुठे तुटू द्यायची नाही. कुणाचा तास कोणता, त्याचा तक्ता माझ्याकडे होता. मावशींनी तीन ते चार मागितला. मी म्हटलं, "राहू द्या मावशी, तुमचे गुडघे दुखतात. तो तास मी घेते." गुडघ्यांचं नुसतं निमित्त. पोरीच्या जिवाचा प्रश्न, आणि ही देवापुढे गप्प बसणार? — असं मनात होतं. त्यांचा चेहरा पडला. मला दिसला तो.

आणि मग — कसं सांगू — मी झोपले. जेवून जरा आडवी झाले, ती चारला फोनच्या आवाजानेच उठले. ग्रुपवर पुढच्या तासाच्या बाईंनी विचारलं होतं, "सुरू करू का?" मी लिहिलं, "करा. माझा तास पूर्ण. प्रभूची स्तुती असो." डोळ्यांवर झोप होती, तरी शुद्धलेखनाची एक चूक नाही.

त्याच सुमाराला रिपोर्ट आला. प्लेटलेट्स वाढायला लागल्या होत्या.

रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांपुढे साक्ष दिली, देवाने कसं ऐकलं ते सांगितलं, त्या तासाचं नाव घेऊन. उपासनेनंतर मावशींनी माझे हात धरले. "तुनी प्रार्थना देवले आवडनी, माय." मी काय केलं? मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

मला अजून कळत नाही. आवडली ती कुणाची? त्या तासात मावशी घरी काय करत होत्या? — विचारायची हिंमत झाली नाही. की कुणाचीच नाही, आणि पोर आपली अशीच बरी झाली? मग मी इतकी वर्षं करत काय होते? विचार करून डोकं भणभणतं.

एक मात्र पक्कं ठाऊक आहे. तेव्हापासून मावशी प्रार्थना करत नाहीत. चर्चमध्ये नाहीच, त्यांची मुलगी सांगते, घरीही नाही. "देव तिनंच आयकस," म्हणतात. म्हणजे माझंच ऐकतो.

गेल्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले. त्यांनी डोळे मिटले आणि हात माझ्याकडे पुढे केला. खोलीत आम्ही दोघीच होतो. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं.

मी प्रार्थना केली. एकदाही अडखळले नाही.