सगळ्यांत खालचा बाप

त्सुगावा किनुए गेली एकोणीस वर्षं एकाच कुटुंबाला कपडे चढवत होती, आणि ते कुटुंब तिचं नव्हतं. दर आठवड्याला टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये दिसणारे ते ढेरपोटे वडील, चिडकी आई आणि आगाऊ मुलगी. दर वसंतात त्यांचा एक चित्रपट यायचा. लेक बालवाडीत जायला लागली तेव्हा तिथल्या फळ्यावर किनुएनं एक चिठ्ठी वाचली होती, 'घरबसल्या रंगकाम'. लेक आता सेन्दाईला नोकरी करते, पण स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या रंगाच्या बाटल्या काही हलल्या नाहीत.

प्लॅस्टिकच्या पातळ, पारदर्शक कागदावर रेघा छापून यायच्या. किनुए तो उलटा करायची आणि मागून रंग भरायची. कुठे कोणता रंग, त्याचे आकडे सोबत लिहून यायचे. धुणं वाळत टाकून, भात लावून ती बसे ती स्टुडिओची चारची गाडी कागद न्यायला येईपर्यंत.

यंदाचा चित्रपट हातानं रंगवलेला शेवटचा. पुढच्या वर्षापासून सगळं कॉम्प्युटरवर, असं रंग तपासणाऱ्या इसोगाईबाईंनी जानेवारीतच सांगून टाकलं होतं. म्हणून किनुएनं शेवटचा प्रसंग मागून घेतला होता. घर सोडून गेलेले वडील परत येतात, आणि तिघं गुपचूप जेवायला बसतात. बेचाळीस कागद, सगळे वडिलांचे; आई आणि मुलगी वेगवेगळ्या कागदांवर, आणि तिन्ही एकावर एक ठेवले की चित्र पूर्ण.

शनिवारी सकाळी शेवटचा कागद वाळला. नवरा शिगेहारु चहा घेऊन टेबलाशी आला. एकोणीस वर्षांत त्यानं या कामाकडे नीट पाहिलं नव्हतं, घरी असला की फक्त "जेवायला जागा करतेस का?" एवढं विचारायचा. नमुना म्हणून आलेल्या आई-मुलीच्या कागदांखाली किनुएनं वडिलांचा एक कागद रचून ठेवला होता; आज त्यानं ते तिन्ही उचलून खिडकीसमोर धरले. वर मुलगी, मध्ये आई, खाली वडील.

"या बाबाला कावीळ झालीये का गं?"

"ठेवा ते. बोटांचे डाग पडतील."

"नाही, खरंच. बायको-पोरगी टवटवीत, आणि हा बघ, मेल्यासारखा."

किनुएनं ते तिन्ही कागद त्याच्या हातून घेऊन उजेडात धरले. वरचा प्रत्येक कागद खालचा रंग थोडा मारतो. म्हणून सगळ्यांत खाली असणाऱ्याला एक छटा उजळ रंग द्यायचा, हे नवख्या मुलींना तिनंच शिकवलं होतं. एकोणीस वर्षं बाप बहुतेक वेळा सगळ्यांत पुढे, म्हणजे सगळ्यांत वरच्या कागदावर असायचा, आणि याही वेळी आकडा न बघता तिच्या हातानं आपोआप नेहमीचीच बाटली उचलली होती. परत आलेला बाप आपल्याच घरात मळका दिसणार होता.

"कोणाला कळणारे?" शिगेहारु म्हणाला.

"तुम्हाला कळलं."

तिनं फोन लावला. खोटं बोलायला तिला एक क्षण पुरला असता, पण तिनं तो घेतला नाही. "इसोगाई-सान, माझी चूक झाली. बेचाळीसच्या बेचाळीस."

पलीकडून इसोगाईबाई म्हणाल्या, "आज चारची गाडी थांबणार नाही. सोमवारी कागदांचं छायाचित्रण आहे."

"माहीत आहे."

"सुकलेला रंग खरवडायला बांबूच्या काड्या आहेत ना? मग सुरुवात करा. उजळ रंगाच्या बाटल्या घेऊन मी पुढच्या ट्रेननं येते. आणि रडत बसू नका, कागदावर पाणी पडेल."

जिन्यापलीकडची मोरोझुमी फुसाको आठ वर्षं हेच काम करत होती, आणि दोघींमध्ये कोणाच्या रंगाच्या कडा जास्त साफ यावरून कायम चढाओढ. किनुए तिच्या दारात गेली तेव्हा फुसाकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एप्रन घातला.

"अगं बाई, तुझी चूक बघायला मी आठ वर्षं थांबले होते. चल, आता दाखव."

इसोगाईबाई आल्यावर तिघी आणि शिगेहारु कामाला लागले. त्याला रंग द्यायला कोणी देईना, म्हणून तो काडीनं वाळका रंग खरवडत बसला. चष्मा कपाळावर, जीभ दाताखाली. "बापाचं अख्खं तोंड गेलं हो!" म्हणून एकदा ओरडलाही. दुपारी त्यानंच सगळ्यांना भाताचे गोळे करून दिले, वाकडेतिकडे, पण खारटपणा नेमका. चारला दहा मिनिटं असताना इसोगाईबाईंनी बेचाळिसावा कागद खिडकीसमोर धरला. मग तो खोक्यात ठेवला.

एप्रिलमध्ये किनुए आणि शिगेहारु स्टेशनजवळच्या चित्रपटगृहात गेली. पोरांसाठी आलेले आईबाप अंधारात नाकं पुसत होते, आणि पोरं पडद्याऐवजी आईबापांकडेच बघत होती. मग तो प्रसंग आला. वडिलांनी वाटी पुढे केली. चेहरा उजळ, बाकी दोघींसारखाच.

"चार सेकंदसुद्धा नाहीत," शिगेहारु कुजबुजला.

"साडेतीन," किनुए म्हणाली, आणि काळोखातच तिनं पडद्याकडे मान लववली. शेवटच्या नामावळीत घरी काम करणाऱ्या बायकांची नावं नव्हती. कधीच नसायची.

दुसऱ्या दिवशी स्ट्रॉबेरीची एक पेटी इसोगाईबाईंना पाठवून, दुसरी घेऊन ती फुसाकोच्या दारात उभी राहिली. कमरेतून वाकून म्हणाली, "त्या दिवशी तू आली नसतीस, तर तो बाप घरी आलाच नसता."

फुसाकोनं पेटी घेतली, झाकण उघडलं. "रडलीस का?"

"हो."

"मीही. परवाच चित्रपट बघून आले." मग दार पूर्ण उघडून म्हणाली, "ये आत. एकटीला संपायच्या नाहीत."