वहिनीच्या जागी भाऊ

सुरतेत यंत्रमागावर काम करणाऱ्या आम्हा लूमवाल्यांत एक शिस्त आहे: बदलीचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. वहिनीला लग्नापासून कधी बदली मिळालीच नव्हती. धुळ्याकडच्या आमच्या गावी थोरला भाऊ आणि ती, दोघंच शेती बघतात. तिला एकदा समुद्र पाहायचा होता. म्हणून कपाशीच्या ऐन वेचणीत मी तिला आठ दिवसांसाठी सुरतेला बोलावलं. रविवारी मला सुट्टी, तेव्हा डुमसच्या समुद्रावर न्यायचं ठरलं.

"म्हैसनी धार कोन काढी?" तिने फोनवर विचारलं.

"मी शे ना," तिच्या शेजारून भाऊ म्हणाला. "तुनं काम ते काय, भाकरी नि म्हैस."

मलाही ते पटलं. बारा बारा तास लूमवर उभा राहणारा मी. घरातही कुणी तेवढंच उभं असतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

वहिनी सोमवारी सुरतेला, बमरोलीतल्या आमच्या खोलीवर आली आणि मंगळवारपासून भावाचे फोन सुरू झाले. पिठाचा डबा रिकामा कसा? कोंबड्या कोण कोंडतं? बुधवारी तर कमालच झाली. कापूस वेचायला बाया येतील म्हणून हा शहाणा सकाळपासून वजनकाटा घेऊन बांधावर उभा. "एक बी बाई नही उनी," तो रागाने म्हणाला.

"रोज सांजले घरोघर जाईसन सांगनं पडस," वहिनी म्हणाली आणि पदरात तोंड लपवून हसू लागली. इतकी वर्षं बाया आपोआप येतात, असंच भाऊ समजत होता. मीही तेच समजत होतो.

शुक्रवारी पुन्हा फोन वाजला, तशी वहिनी परत जायला लुगडी पिशवीत भरू लागली. मला भावाचा संताप आला. दोन दिवसांवर आलेला समुद्र आता हिच्या हातून जाणार, या विचाराने वाईटही वाटलं. चार शब्द सुनावायचेच म्हणून मी फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला.

भावाचा आवाज दमलेला होता. "आठ दिन पुरा कर," तो तिला म्हणाला. "पन एक सांग. सकायपाइन तुनंच काम करी ऱ्हायनू, तरी सरत नही. तू बसस कव्हय?"

आपण बसतो कधी, हे वहिनीने खरोखरच आठवून पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि लगेच हसूही आलं.

"ऐतवारले बससू," ती म्हणाली आणि पिशवीतली लुगडी बाहेर काढू लागली.