दगड उलटणारी बाई

भातकुलीजवळच्या नाल्याचं पाणी तपासायला मी कॉलेजतर्फे जायचो. तिथे एक बाई मेथीच्या जुड्या धुवायला यायची. आधी पाण्यातला दगड उलटून खालचे किडे बघायची, मगच जुडी बुडवायची. माझ्या बाटल्यांकडे ढुंकूनही बघत नसे, ते मला झोंबायचं.

एकदा नाल्याच्या वरच्या अंगाला कपाशीवर फवारणी झाली, तरी माझ्या तपासणीत पाणी चांगलंच निघालं. तिने मात्र दगड उलटला आणि जुड्या न धुताच टोपलीत भरल्या.

"काहून, काय झालं?" मी विचारलं.

"एकबी किडा नाई राह्यला जी याच्याखाली. हे पाणी मेलं."

मला दोन पदव्या, पेटीभर बाटल्या. तिला एक दगड पुरला! नुसता जळफळाट झाला माझा.

अहवालात मी तिचंच म्हणणं लिहिलं, शुद्ध मराठीत. खाली सही माझी.