म, भ आणि ख

आमचे धाकटे भावजी समोरच्या माणसाच्या जरा डावीकडे बघून बोलायचे. लोकांना वाटे, शिष्ट आहेत. मला मात्र सासरे आठवायचे. वडगावच्या घरात तेही शेवटी शेवटी मागावर बसून असेच बघत. त्यांना समोरचं दिसत नव्हतं. "तुटला धागा बोटाला कळतोय," म्हणायचे. घरात त्यावर कुणी बोलत नसे.

भावजींचं कॉम्प्युटरचं काम घरूनच चाले. उरलेल्या वेळात त्यांचा एकच उद्योग. टीव्हीला जोडून खेळायचा त्यांचा लहानपणीचा गेमचा डबा कधीच मेला होता. तो जसा चाले, तसाच तो कॉम्प्युटरात पुन्हा चालवायचा. तेही चित्रांशिवाय, नुसता मजकूर लिहायच्या एडिटरात. माणूस म्हणजे म, भिंत म्हणजे भ, खड्डा म्हणजे ख. सासूबाई हसायच्या, "तांब्यात भाकरी भाजतोस व्हय रं?"

"भाजली की पयली तुलाच वाढतो, आई."

एकदा त्यांनी मला हाक मारली. "वैनी, बघा, भिंत सरळ हाय न्हवं?" साडीच्या नक्षीचा चौकटींचा कागद वाचायची माझ्या डोळ्यांना सवय. एक ओळ दोन घरं सरकलेली लगेच दिसली. सांगितल्यावर ते खूश झाले. मला मात्र दुसरंच दिसलं. अक्षरं बोटाएवढी मोठी होती.

आणि माझी मुलगी रोज त्यांच्या स्कूटरवर मागे बसून खडेबाजारातून शाळेला जायची.

मी महिनाभर गप्प राहिले. लिहितानाही लाज वाटते. मग एक दिवस मुलगी जेवताना सहज म्हणाली, "सिग्नलला काका मला विचारत्यात, हिरवा पडला का म्हणून." दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरची किल्ली मी तांदळाच्या डब्यात पुरली.

भावजींनी खुंटी चाचपली, फळी चाचपली. मग हळूच म्हणाले, "तुमीच ठेवलीसा न्हवं, वैनी?"

"व्हय."

"बरं केलंसा. मला सोताहून ठेवाय जमत नव्हतं."

खेळ तयार झाला, तेव्हा त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं आणि स्वतः कीबोर्ड हातात घेऊन भिंतीला टेकले. "आता काय दिसतंय ते वाचा."

"चित्रं का न्हाय केलीसा, भावजी?"

"चित्र कोण वाचून दाखवणार? अक्षर घरातलं कुणीबी वाचतंय."

माझी शाळा चौथीपर्यंतची. म्हणून अक्षरं मराठी होती, आणि आपोआप पुढे चालत राहणाऱ्या म ची चालही संथ ठेवलेली होती. तेव्हापासून दुपारी मी वाचते, ते उड्या मारतात.

परवा मुलगी म्हणाली, "आज मी वाचते." ती खुर्चीत बसली. मी मागे कपड्यांच्या घड्या घालत होते.

"ख किती लांब?" भावजींनी विचारलं.

ती पडद्याकडे वाकली. मग तिने मान जराशी वळवली आणि पडद्याच्या बाजूला बघत अक्षर शोधू लागली. मला तो ख दोन घरांवर स्वच्छ दिसत होता.

या वेळी मी महिना जाऊ दिला नाही. "भावजी," मी म्हटलं, "ही बी बाजूला बघायलीया."

त्यांची बोटं बटणांवर थांबली. पडद्यावरचा म सरळ चालत गेला आणि खड्ड्यात पडला.